एका धर्मग्रामाची सहल

धर्मग्रामाची वार्षिक सहल हा आपल्या कौटुंबिक जीवनातील एक साधा आणि निर्मळ आनंद आहे. मिस्सानंतर चर्चच्या आवारात उभ्या राहिलेल्या गाड्या, मोठमोठ्या पातेल्यांची चढउतार, धार्मिक शिक्षणाच्या वर्गातील मुलांचा गलका, आणि निघण्यापूर्वी धर्मगुरूंनी केलेली छोटीशी प्रार्थना हे चित्र आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. बहुतेक वेळा ही सहल पाण्याच्याच काठी जाते. समुद्र, नदी, धबधबा वा तलाव यांवाचून आपल्याकडील सहलीला सहलीची चव येत नाही.

अशाच एका सहलीचा इतिहास आम्ही येथे सांगणार आहोत. ती सहल आपल्या देशातील नव्हती, आपल्या पंथाचीही नव्हती. तरीही तिच्यात प्रत्येक धर्मग्रामाला आपलाच चेहरा दिसेल, आणि म्हणूनच ती समजून घेणे अगत्याचे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्क शहराच्या मॅनहॅटन बेटावर, टॉम्पकिन्स चौकाच्या आसपास, जर्मनीतून आलेल्या कुटुंबांची दाट वस्ती होती. लोक तिला ‘छोटी जर्मनी’ म्हणत. परक्या देशात आलेल्या माणसाला आपली भाषा, आपली गाणी आणि आपले चर्च यांचा केवढा आधार असतो, हे स्थलांतराचा अनुभव घेतलेल्या कुटुंबांना वेगळे सांगायला नको. या वस्तीत सहाव्या रस्त्यावर सेंट मार्क्स नावाचे ल्युथरन चर्च होते. रविवारच्या शाळेचे वर्ष संपले की या चर्चची मंडळी दर वर्षी बोटीतून सहलीला जात. १९०४ साली या प्रथेला सोळा-सतरा वर्षे झाली होती.

त्या वर्षी सहलीचा दिवस ठरला १५ जून. मंडळींनी ३५० डॉलर भाडे देऊन ‘जनरल स्लोकम’ नावाची आगबोट ठरवली. ती १८९१ साली बांधलेली, दोन्ही बाजूंस मोठी चाके असलेली, पांढऱ्या रंगाची दिमाखदार बोट होती. दिवस बुधवारचा, म्हणजे कामाचा होता. त्यामुळे घरचे बहुतेक पुरुष कामावर गेले आणि बोटीवर चढल्या त्या प्रामुख्याने आया, आज्या आणि मुले. बोटीवर सुमारे १३५० माणसे होती. साडेनऊच्या सुमारास बँडच्या सुरांत बोट धक्क्यावरून सुटली. ईस्ट रिव्हरमधून उत्तरेकडे जाऊन पुढे लाँग आयलंडच्या किनाऱ्यावरील एका रम्य जागी दिवस घालवायचा, असा बेत होता.

अर्धा तास झाला असेल नसेल, तोच बोटीच्या पुढील भागातील एका कोठडीत आग लागली. तेथे दिवे, तेल आणि गवताचा पेंढा ठेवलेला होता. एका बारा वर्षांच्या मुलाने धूर पाहून इशारा दिला होता; पण मुलाचे बोलणे कोणी मनावर घेतले नाही. कप्तानाला खरी वार्ता कळेपर्यंत मोलाची मिनिटे निघून गेली. खलाशांनी आग विझवण्याच्या नळ्या जोडल्या, तेव्हा पाण्याचा दाब येताच त्या जागोजागी फुटल्या. नळ्यांचे कापड कुजून गेले होते. खलाशांची त्या वर्षी आगीची कवायत एकदाही झाली नव्हती. संकटकाळी वापरायच्या होड्या जागच्या जागी इतक्या घट्ट बांधलेल्या होत्या की त्या सोडवता येईनात.

उरले होते ते बुचाचे जीवरक्षक पट्टे. असे २५०० पट्टे बोटीवर होते. प्रवासी साडेतेराशे आणि पट्टे अडीच हजार, म्हणजे कागदोपत्री तर चोख व्यवस्था! पण हे पट्टे तेरा वर्षे बोटीच्या छताखाली लटकत होते. ऊन, पाऊस आणि खारी हवा यांनी त्यांचे कापड विरले होते, बंद तुटत होते आणि आतील बुचाची भुकटी झाली होती. चांगले बूच तरंगते. भुकटी झालेले बूच पाणी पिऊन जड होते. आयांनी थरथरत्या हातांनी आपल्या लेकरांच्या अंगाला हे पट्टे बांधले आणि ज्वाळांपासून वाचवण्यासाठी त्यांना स्वतःच पाण्यात सोडले. ती मुले पट्ट्यांसह तळाशी गेली.

या एका वाक्यापाशी आम्ही प्रत्येक वेळी थांबतो. मायेत काही उणे नव्हते. उणे होते ते मायेने ज्याच्यावर विसंबायचे, त्या वस्तूत.

मोठ्या माणसांचीही तीच गत झाली. त्या काळच्या स्त्रियांची घोळदार, लोकरी, पायघोळ वस्त्रे भिजली की त्यांचे ओझे एखाद्या धोंड्यासारखे होई. शिवाय त्यांतील फारच थोड्यांना पोहता येत होते. नदीकाठी राहणारी, दर वर्षी नदीतून सहलीला जाणारी ही मंडळी पाण्याला केवळ पाहून ओळखत होती.

कप्तानाने बोट जवळच्या काठाला न लावता पुढे नॉर्थ ब्रदर नावाच्या बेटाकडे नेली. काठावर तेलाच्या टाक्या आणि लाकडाच्या वखारी होत्या, तेथे आग पसरली असती, असे त्याचे म्हणणे होते. परंतु वाऱ्याच्या रोखाने चाललेल्या बोटीत आग अधिकच भडकली. त्या बेटावर संसर्गजन्य रोगांचे रुग्णालय होते. तेथील परिचारिका, डॉक्टर, नोकर आणि बरे होत आलेले रुग्णसुद्धा पाण्यात उतरले, आणि त्यांनी हाताला लागेल त्या जिवाला ओढून काढले. ज्यांच्याजवळ जायला शहर भीत असे, त्यांनीच शहराच्या लेकरांना हात दिला.

अधिकृत गणनेप्रमाणे १०२१ माणसे दगावली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यापर्यंत न्यूयॉर्क शहराने एका आपत्तीत एवढी जीवितहानी पाहिली नव्हती. संध्याकाळी कामावरून परतलेल्या कित्येक पुरुषांना घरात कोणीच भेटले नाही. चर्चचे पाळक जॉर्ज हास स्वतः वाचले. त्यांची पत्नी आणि मुलगी गेली. या वार्तेने जग हादरले. पुढच्याच दिवसाची, म्हणजे १६ जून १९०४ ची कथा सांगणाऱ्या जेम्स जॉइसच्या ‘युलिसीस’ या कादंबरीतही या दुर्घटनेचा उल्लेख आला आहे.

वस्ती मात्र सावरली नाही. ज्या गल्ल्यांत मुलेच उरली नाहीत, तेथे राहणे उरलेल्यांना असह्य झाले. कुटुंबे एकामागून एक शहराच्या दुसऱ्या भागात निघून गेली. १९४० साली त्या चर्चच्या इमारतीत यहुदी लोकांचे प्रार्थनामंदिर सुरू झाले. टॉम्पकिन्स चौकातील उद्यानात १९०६ साली उभारलेले संगमरवरी कारंजे तेवढे आजही त्या मुलांची आठवण सांगते. दुर्घटनेच्या वेळी अवघ्या सहा महिन्यांची असलेली अडेला लीबेनाउ ही वाचलेल्यांत सर्वांत लहान. तिच्या दोन बहिणी त्या दिवशी गेल्या. पुढच्या वर्षी दफनभूमीतील स्मारकाचे अनावरण या चिमुरडीच्या हस्ते झाले, आणि ती शंभर वर्षांची होऊन २००४ साली वारली.

आता प्रश्न असा की, अपराध कोणाचा? चौकशीत पुष्कळ गोष्टी बाहेर आल्या. दुर्घटनेपूर्वी दीड महिनाही झाला नव्हता, तेव्हा ५ मे रोजी सरकारी निरीक्षकांनी या बोटीची तपासणी करून ती सुस्थितीत असल्याचा दाखला दिला होता. पट्टे लटकत होते हे त्यांनी पाहिले. ते कुजले होते हे पाहिले नाही. निरीक्षकावर खटले चालले, पण पंचांचे एकमत न झाल्याने शिक्षा झाली नाही. मालक कंपनी किरकोळ दंडावर सुटली. शिक्षा झाली ती एकट्या कप्तान व्हॅन शाइक याला. १९०६ साली त्याला दहा वर्षांची कैद सुनावण्यात आली. साडेतीन वर्षे तुरुंगात काढल्यावर त्याची सुटका झाली आणि १९१२ साली राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी त्याला माफी दिली. पुढे तपासणीचे नियम कडक झाले, निष्काळजी निरीक्षकांना घरी बसवण्यात आले. पण नियम नेहमीच प्रेतयात्रेच्या मागून चालत येतात.

या साऱ्या प्रकरणात कोणी दुष्ट नव्हता, हेच आम्हाला सर्वांत भयंकर वाटते. मंडळींनी कंपनीवर विश्वास टाकला, कंपनीने दाखल्यावर, निरीक्षकाने नुसत्या नजरेवर आणि कप्तानाने रिवाजावर. ‘कोणीतरी पाहिले असेलच’ या समजुतीने प्रत्येकाने आपली जबाबदारी शेजाऱ्याच्या खांद्यावर ठेवली. अशा वेळी माणसे ‘देवाची इच्छा’ असे म्हणून मोकळी होतात. आम्ही नम्रपणे विचारतो, तेरा वर्षे पट्टे न तपासणे ही देवाची इच्छा होती काय?

पवित्र शास्त्राची शिकवण तर याच्या नेमकी उलट आहे. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात मोशेच्या नियमशास्त्राची एक आज्ञा आहे. नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर. तेथून कोणी पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घराला लागेल, असा तिचा आशय आहे. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात म्हटले आहे की, खड्डा खणून तो उघडा टाकणाऱ्याने त्यात पडलेल्या बैलाची वा गाढवाची भरपाई करावी. पडणाऱ्याने नीट पाहायला हवे होते, असे शास्त्र म्हणत नाही. कठडा का नव्हता, असे ते घरधन्याला विचारते. शेजाऱ्यावर प्रीती करणे म्हणजे तो पडल्यावर अश्रू ढाळणे एवढेच नव्हे. तो पडू नये म्हणून आधी विटा रचणे, हीसुद्धा प्रीतीच आहे.

त्या दुर्घटनेनंतर अमेरिकेत आणखी एक प्रश्न पुढे आला, तो म्हणजे स्त्रियांना आणि मुलांना पोहायला का शिकवले जात नाही? विल्बर्ट लाँगफेलो नावाचा एक पत्रकार बुडून मेलेल्यांच्या बातम्या लिहीत असे. केवळ बातम्या लिहून त्याचे समाधान होईना. १९१४ साली अमेरिकन रेड क्रॉसने त्याच्या पुढाकाराने जीवरक्षक दल सुरू केले, आणि गावोगाव पोहण्याचे व बुडणाऱ्याला वाचवण्याचे शिक्षण देण्यात त्याने आपले आयुष्य वेचले. प्रत्येकाला पोहता यावे आणि पोहणाऱ्या प्रत्येकाला दुसऱ्याचा जीव वाचवता यावा, असे त्याचे ध्येय होते. तोही एक कठडाच होता. मात्र तो विटांचा नव्हे, विद्येचा.

आपल्या किनाऱ्याचा इतिहास याहून निराळा नाही. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्य महिन्यावर आलेले असताना, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ भर पावसात कलंडली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते, त्यामुळे मुंबईला कित्येक तास पत्ताच नव्हता. वाचलेली माणसे किनाऱ्याला लागली, तेव्हा वार्ता कळली. रेवसकडून मासळी घेऊन येणाऱ्या कोळी बांधवांनी जमतील तेवढ्यांना आपल्या होड्यांत ओढून घेतले. तेथे रुग्णालयाचे सेवक धावले, येथे कोळी धावले. धावणारे हात देव सर्वत्र देतो. पण ते येईपर्यंत तरंगून राहण्याची सोय माणसाने करायची असते.

‘रामदास’ ही फार जुनी गोष्ट झाली, असे कोणी म्हणेल. पण १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात सहलीला आलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटून १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. होडीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. त्याच वर्षी १८ डिसेंबरला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाच्या वेगवान होडीची धडक बसून १५ जणांचा अंत झाला. या बोटीवरील प्रवासीही लाइफ जॅकेटविनाच निघाले होते. शंभर-सव्वाशे वर्षांत बोटींची यंत्रे बदलली, ‘कोणीतरी पाहिले असेलच’ ही समजूत बदलली नाही.

याचा अर्थ सहली बंद कराव्यात असा मुळीच नाही. १५७१ साली केंब्रिज विद्यापीठाने हाच उपाय करून पाहिला होता. विद्यार्थी बुडतात म्हणून पोहण्यावरच बंदी घातली आणि मोडणाऱ्याला चारचौघांत फटक्यांची शिक्षा ठेवली. सोळा वर्षांनी, १५८७ साली, त्याच केंब्रिजमधील एव्हरार्ड डिग्बी या विद्वानाने पोहण्याच्या कलेवर लॅटिनमध्ये सचित्र ग्रंथ लिहिला. बंदीपेक्षा शिक्षण बरे, हे शहाणपण इतके जुने आहे.

आपल्या आजोबांच्या पिढीला ते ठाऊक होते. वसईच्या वाड्यांतील विहिरी आणि बावखले ही जशी बागायतीची तहान भागवत, तशीच ती मुलांची पोहण्याची शाळाही होती. पाठीला रिकामा डबा बांधून, वडीलधाऱ्यांच्या नजरेखाली मुले पाण्यात उतरत. पुढे पुष्कळ बावखले बुजवली गेली, रहाट थांबले, वाड्यांच्या जागी इमारती आल्या. परिणामी समुद्राच्या हाकेच्या अंतरावर वाढूनही पाण्यात हातपाय न मारता येणारी पिढी आपण तयार केली. मुलींच्या बाबतीत तर पूर्वीपासूनच कुचराई होती. ‘जनरल स्लोकम’वर बुडालेल्या आयांची आठवण ठेवून तरी मुलीला मुलाइतकेच पोहायला शिकवले पाहिजे.

लहानग्यांची गोष्ट याहून वेगळी. त्यांना सहल लागत नाही, समुद्र लागत नाही. अंगणातली उघडी टाकी, न्हाणीघरातली पाण्याची बादली पुरते. बांगलादेशात अभ्यासकांच्या ध्यानात आले की, तेथील बालके बहुधा घराजवळच्या तळ्यात, सकाळी आई स्वयंपाकात आणि कामात गुंतलेली असताना बुडतात. तेव्हा त्यांनी गावोगाव साधी पाळणाघरे काढली. सकाळी नऊ ते दुपारी एक एवढाच वेळ, गावातीलच एक शिकवलेली बाई वीस-पंचवीस मुलांना सांभाळते. तेवढ्याने बालकांचे बुडणे फार मोठ्या प्रमाणात टळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील बालकांचा होता. मात्र २००० सालापासून हे प्रमाण ३८ टक्क्यांनी घटले आहे, असेही तोच अहवाल सांगतो. कठडे बांधले की माणसे वाचतात, याचा हा पुरावा आहे.

मग आपल्या धर्मग्रामांनी काय करावे? सहलीच्या समितीत जेवणाची, गाड्यांची आणि खेळांची जबाबदारी ज्याप्रमाणे नावानिशी वाटली जाते, त्याप्रमाणे पाण्याचीही जबाबदारी नावानिशी वाटली जावी. ज्यांच्यावर ती असेल त्यांनी त्या वेळेत गप्पा मारू नयेत, मोबाइल पाहू नये, मद्याला स्पर्श करू नये, केवळ पाण्याकडे पाहावे. कारण बुडणारा माणूस सिनेमात दाखवतात तसा ओरडत नाही. श्वासासाठीच त्याची धडपड चाललेली असते, आवाज काढायला उसंत नसते. दहा पावलांवर मूल बुडते आणि कोणाला ऐकू येत नाही. समुद्रात उतरण्यापूर्वी स्थानिक कोळ्यांना वा जीवरक्षकांना विचारावे आणि ते नको म्हणाले तर उतरू नये. होडीत चढण्यापूर्वी प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट चढलेले असावे, आणि ते हाताने ओढून, बंद आवळून पाहावे. नसेल तर भाडे बुडाले तरी चालेल, होडीत बसू नये.

कोणी बुडू लागल्यास पोहता न येणाऱ्याने भावनेच्या भरात उडी घेऊ नये. एकाच्या जागी दोन प्रेते निघतात. काठी, दोर, साडी, रिकामा कॅन, जे हाती लागेल ते त्याच्याकडे फेकावे. बाहेर काढलेल्याचा श्वास थांबला असेल तर त्याला उलटे टांगण्यात वा पोट दाबून पाणी काढण्यात वेळ दवडू नये. तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबावी आणि रुग्णालयात नेईपर्यंत हे चालू ठेवावे. हे कौशल्य काही तासांत शिकता येते. धर्मग्रामातील डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी युवक-युवतींना ते शिकवावे, अशी आमची विनंती आहे. घराघरांतील विहिरींना कठडा आणि जाळी, टाक्यांना झाकण आणि न्हाणीघराच्या दाराला उंचावर कडी हवी, हे तर प्रत्येक कुटुंबाने आजच पाहावे.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २०२१ साली ठराव करून २५ जुलै हा दिवस बुडून होणारे मृत्यू टाळण्याच्या कार्यासाठी नेमून दिला. योगायोग असा की, त्याच दिवशी ख्रिस्तसभा थोरल्या संत याकोबाचा सण साजरा करते. गालील सरोवरावर जाळी नीट करीत असताना ज्याला प्रभूने हाक मारली, तो हा कोळी प्रेषित. आगाशीचे पुरातन चर्च त्याच्याच नावे आहे. वादळात घाबरलेल्या शिष्यांबरोबर तो होडीत होता, आणि पेत्र बुडू लागला तेव्हा प्रभूने ताबडतोब पुढे केलेला हातही त्याने पाहिला होता. त्या सणाच्या दिवशी, भर पावसाळ्यात, प्रत्येक धर्मग्रामाने पाण्यात गेलेल्या आपल्या माणसांसाठी प्रार्थना करावी. आणि मिस्सा संपल्यावर चार जाणत्यांनी वाडीवाडीतून फिरून विहिरींचे कठडे पाहून यावेत. प्रार्थनेचाच तो दुसरा अर्धा भाग आहे.